किरकोळ अपघात आणि चालकाचें कर्तव्य

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा राजमार्ग कात्रज ओलांडून खेड शिवापूर, कापूरहोळ, किकवी अशीं गांवें मागें टाकीत भोर तालुक्यांतील सारोळे गांवापाशीं येतो आणि तेथें नीरा नदीवरील पुलावरून सातारा जिल्ह्यांत शिरतो. हा मार्ग पूर्वीं चौथ्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जाई. आतां त्याचा क्रमांक ४८ आहे. मुंबई, पुणें व बंगळूर यांना जोडणारी अवजड वाहनें येथून रात्रंदिवस धांवत असतात. त्याच रस्त्याच्या कडेनें दुधाची किटली दुचाकीला अडकवून निघालेला शेतकरी, उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, शाळेंतून परतणारीं मुलें आणि मेंढ्यांचा कळप हांकणारा धनगर हेही आपापली वाट चालत असतात. लांबच्या पल्ल्याची वेगवान वाहतूक आणि गांवच्या पल्ल्याची संथ वाहतूक जेथें एकमेकींत मिसळतात, तेथें लहानसहान टकरी व्हावयाच्याच.

मोठ्या अपघाताची वार्ता वर्तमानपत्रांत येते. किरकोळ अपघाताची नोंद मात्र गाडीच्या दारावर पडलेल्या पोचाखेरीज कोठेंच राहत नाहीं. वास्तविक मोटर बाळगणाऱ्या बहुतेक कुटुंबांवर जो प्रसंग केव्हां ना केव्हां येतो, तो या दुसऱ्या प्रकारचा होय. अशा वेळीं कसें वागावें याचा विचार आधीं केलेला नसला, तर सुशिक्षित माणूसही गोंधळतो. कोणी हुज्जत घालतो, कोणी खिशांतून नोटा काढून देतो, तर कोणी सरळ निघून जातो. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यांतील शेवटची तर अपघाताचें रूपांतर अपराधांत करणारी आहे. टक्कर होणें हें पुष्कळदां चालकाच्या हातीं नसतें. टकरीनंतरचा पाव तास मात्र सर्वस्वीं त्याच्याच हातीं असतो. त्या पाव तासांत तो जें करतो, त्यावरूनच पुढें त्याच्या सचोटीची परीक्षा होते.

उदाहरणादाखल एक साधा प्रसंग कल्पावा. सारोळ्याच्या फाट्यावर एक दुचाकीस्वार गांवाकडे वळत आहे. मागून येणाऱ्या मोटरीचा चालक ब्रेक दाबतो, पण किंचित् उशिरां. मोटरीचा पुढचा कोपरा दुचाकीच्या मागच्या चाकाला लागतो. स्वार खालीं पडतो, लगेच उठून उभा राहतो आणि कपडे झटकतो. दुचाकीचा दिवा फुटला आहे, मोटरीचा बंपर चिरला आहे आणि अर्धी किटली दूध डांबरावर सांडलें आहे. आतां चालकानें काय करावें?

पहिलें कर्तव्य थांबण्याचें. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या १३२ व्या कलमाप्रमाणें ज्या वाहनाचा संबंध एखाद्या मनुष्याच्या, जनावराच्या किंवा दुसऱ्या वाहनाच्या अपघाताशीं अथवा मालमत्तेच्या नुकसानीशीं येतो, त्याच्या चालकानें वाहन थांबवून आवश्यक तेवढा वाजवी वेळ तेथें राहिलेंच पाहिजे. हें बंधन नवें नव्हे. १९३९ च्या कायद्यांतही तें होतें. जनावर म्हणजे कोणतें, हेंही कायद्यानें सांगितलें आहे: घोडा, गुरें, हत्ती, उंट, गाढव, खेंचर, मेंढी आणि बकरी. सारोळ्यासारख्या ठिकाणीं मेंढीला धक्का लागला असतां "जनावरच तें" असें म्हणून पुढें जाणें हा म्हणूनच कायद्याचा भंग ठरतो. कुत्र्याचें नांव त्या यादींत नाहीं. तथापि भूतदया कांहीं कायद्यांतील यादीवर अवलंबून नसते.

पुष्कळ चालक थांबत नाहींत तें दुष्टपणामुळें नव्हे, तर भीतीमुळें. परक्या गांवीं जमाव जमेल, मारहाण होईल, अशी धास्ती त्यांना वाटते. ही धास्ती कायद्यानेंही विचारांत घेतली आहे. जखमीला उपचार मिळवून देण्याचें जें कर्तव्य १३४ व्या कलमानें चालकावर टाकलें आहे, त्यांत जमावाच्या प्रक्षोभामुळें तें अशक्य झालें असल्यास सूट ठेवलेली आहे. परंतु ही सूट तेवढ्यापुरतीच आहे. जीव धोक्यांत आहे असें खरोखरच दिसलें, तर चालकानें तेथून निघून थेट जवळचें पोलीस ठाणें गांठावें आणि आपण जखमीपाशीं कां थांबूं शकलों नाहीं हें तेथें सांगावें. पोलीस ठाण्याकडे जाणारा मनुष्य आश्रय घेतो. घराकडे जाणारा मनुष्य पळून जातो. दोघांची गाडी एकाच वेगानें धांवत असली, तरी कायद्याच्या दृष्टीनें त्यांच्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. थांबण्याचें व कळविण्याचें कर्तव्य न पाळणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. तोच अपराध पुन्हां घडल्यास ही मर्यादा एक वर्ष व दहा हजार रुपये अशी वाढते. २०१९ च्या दुरुस्तीनें या शिक्षा वाढविण्यांत आल्या.

दुसरें कर्तव्य, झालेल्या लहान अपघातांतून मोठा अपघात उद्भवूं न देणें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें येणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २२ मीटर अंतर तोडते. याचा अर्थ असा कीं, उभ्या गाडीच्या मागें पन्नास मीटरांवर ठेवलेली खूण मागच्या चालकाला विचार करण्यास जेमतेम दोन सेकंद देते. म्हणून दोन्ही बाजूंचे इशाऱ्याचे दिवे तत्काळ लावावे आणि तांबडा चमकता त्रिकोण शक्य तितका मागें, रस्त्याच्या कडेकडेनें चालत जाऊन ठेवावा. गाडींतील मंडळींना, विशेषतः मुलांना व वृद्धांना, रस्त्याबाहेर कठड्यापलीकडे उभें करावें. दोन गाड्यांच्या मध्यें उभें राहून पोचा पाहत बसणें हें सर्वांत घातक होय. कारण मागून तिसरें वाहन आदळलें, तर मधला मनुष्य वांचत नाहीं.

गाड्या जागच्या हलवाव्या कीं न हलवाव्या, याविषयीं नेहमीं वाद होतो. कोणास इजा झालेली नसेल, तर मोबाइलनें आधीं छायाचित्रें घ्यावीं आणि मग गाड्या बाजूला घ्याव्या. छायाचित्रांत दोन्ही वाहनांच्या क्रमांकपाट्या, त्यांची परस्परांतील स्थिति, रस्त्यावरील चाकांचे ओरखडे आणि एखादी स्थिर खूण, म्हणजे किलोमीटरचा दगड किंवा फाट्याची पाटी, इतकें आलें पाहिजे. नुसत्या पोच्याचें जवळून घेतलेलें चित्र पुढें फारसें उपयोगी पडत नाहीं. त्यावरून काय मोडलें तें कळतें, कसें मोडलें तें कळत नाहीं. इजा गंभीर असेल, तर जखमीच्या उपचाराला प्रथम स्थान द्यावें आणि वाहनें हलविण्याचा प्रश्न पोलिसांच्या सूचनेवर सोपवावा.

तिसरें कर्तव्य माणसांची विचारपूस. हें ओघानें तिसरें आलें, तरी महत्त्वानें पहिलें आहे. पडलेला मनुष्य बहुधा "कांहीं झालें नाहीं" असेंच म्हणतो. त्याला तसें वाटतही असतें; कारण धक्क्याच्या क्षणीं वेदना जाणवत नाहीं. डोक्याला बसलेला मार कांहीं तासांनीं भोंवळ, वांती किंवा झांपड यांच्या रूपानें प्रकट होऊं शकतो. यास्तव अपघात किरकोळ आहे कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार चालकानें स्वतःकडे घेऊं नये. तो डॉक्टरांचा आहे. स्वारानें शिरस्त्राण घातलेलें नसेल, किंवा तो वयस्क असेल, तर त्याला डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रहच धरावा. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८, पोलिसांसह सर्व तांतडीच्या मदतीसाठीं ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावरील साहाय्यासाठीं १०३३ हे क्रमांक आहेत. रस्त्यावरील अपघातांत जखमी झालेल्या व्यक्तीस अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोख पैसे न भरतां उपचार मिळावे, अशी योजना केंद्र सरकारनें २०२५ सालीं लागू केली आहे. नियोजित रुग्णालयांत तिचा लाभ घेतां येतो. मदतीला धांवून आलेल्या गांवकऱ्यांनाही २०१९ पासून कायद्याचें संरक्षण आहे. सद्भावनेनें मदत करणारास साक्षीच्या किंवा खटल्याच्या भानगडींत त्याच्या इच्छेविरुद्ध ओढतां येत नाहीं. हें त्यांना सांगितलें असतां त्यांचा संकोच जातो आणि जमावांतीलच दोघे-चौघे मदतनीस होतात.

चौथें कर्तव्य ओळख देण्याचें व घेण्याचें. अपघाताची झळ पोंचलेल्या व्यक्तीनें मागणी केल्यास चालकानें आपलें नांव व पत्ता, तसेंच गाडीच्या मालकाचें नांव व पत्ता दिला पाहिजे. मात्र मागणारानेंही आपलें नांव व पत्ता द्यावयास हवा. कायद्यानें घालून दिलेली ही देवघेव मोठी समंजस आहे. दोन अनोळखी माणसें नांवानिशीं एकमेकांसमोर उभीं राहिलीं कीं भांडणाचा निम्मा जोर ओसरतो. याखेरीज वाहनाचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, विमा कंपनीचें नांव आणि पॉलिसीचा क्रमांक हींही परस्परांनीं टिपून घ्यावीं. कागदपत्रें घरीं राहिलीं असतील, तर डिजिलॉकरमधील प्रती ग्राह्य धरल्या जातात. जवळचा चहावाला किंवा दुकानदार यांनीं प्रसंग पाहिला असेल, तर त्यांच्या संमतीनें त्यांचेंही नांव लिहून ठेवावें.

येथें सुशिक्षित घराण्यांतही आढळणारा एक दोष सांगितला पाहिजे. गाडी मुलगा चालवीत होता, त्याच्यापाशीं परवाना नाहीं. म्हणून वडील पुढें होतात आणि "मीच चालवीत होतों" असें सांगतात. किंवा पगारी चालकाचें नांव पुढें करण्यांत येतें. हें वात्सल्यही नव्हे आणि शहाणपणही नव्हे. खोटी माहिती दिल्यानें विम्याचा दावा फेटाळला जातो आणि लहान अपघाताला मोठ्या अपराधाची जोड मिळते. मूल अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालक किंवा गाडीचा मालक हाच जबाबदार धरला जातो, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. तेव्हां खरी काळजी किल्ली हातीं देण्यापूर्वीं घ्यावयाची असते; नंतर नांव बदलून ती घेतां येत नाहीं.

पांचवें कर्तव्य पोलिसांना कळविण्याचें. कोणी जखमी झालें तरच पोलिसांकडे जावें लागतें, असा सर्वत्र समज आहे. तो बरोबर नाहीं. १३४ वें कलम मनुष्यास इजा झाली असतां जसें लागू होतें, तसेंच परक्याच्या मालमत्तेची नुकसानी झाली असतांही लागू होतें. वर कल्पिलेल्या प्रसंगांत फुटलेला दिवा आणि सांडलेलें दूध हीं परक्याची मालमत्ताच होय. पोलीस जागेवर नसतील, तर जवळच्या ठाण्यांत शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितींत चोवीस तासांच्या आंत, घडलेली हकीकत कळविली पाहिजे. कळविणें म्हणजे फिर्याद देणें नव्हे आणि गुन्हा कबूल करणेंही नव्हे. ती केवळ नोंद होय, आणि नोंद करणाराच्या बाजूनेंच ती बहुधा बोलते.

सारोळ्यापाशीं या बाबतींत एक अडचण संभवते. नीरा नदी ही दोन जिल्ह्यांची सीमा आहे. अलीकडचा भाग पुणें ग्रामीण पोलिसांच्या हद्दींत येतो आणि तेथील कारभार नसरापूर येथील राजगड पोलीस ठाण्याकडे आहे. पूल ओलांडला कीं सातारा जिल्हा लागतो आणि शिरवळचें पोलीस ठाणें जवळ पडतें. अपघात पुलाच्या अलीकडे झाला कीं पलीकडे, यावर नोंद कोठें व्हावयाची हें ठरतें. वाटसरूला ही सीमा दिसत नाहीं. त्याला नुसतें पाणी दिसतें. म्हणून जागेची खूण टिपतांना किलोमीटरच्या दगडावरील आंकडा, नदीचा कोणता कांठ आणि गाडी पुण्याकडे जात होती कीं साताऱ्याकडे, या तीन गोष्टी अवश्य लिहाव्या. गुन्हा घडला अशी तक्रार असेल, तर हद्दीचें कारण सांगून ती नाकारतां येत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानें कोणत्याही ठाण्यांत खबर देण्याची मोकळीक ठेवली आहे. ती खबर पुढें योग्य ठाण्याकडे जाते.

आतां पैशाचा विचार. रस्त्यावर उभ्या उभ्या "चूक माझीच" असें लिहून देऊं नये आणि नोटा मोजून देऊं नये. याचा अर्थ उर्मटपणा करावा असा नाहीं. "लागलें का? वाईट वाटतें," असें म्हणणें हा माणुसकीचा धर्म आहे आणि त्यानें कोणताही हक्क बुडत नाहीं. परंतु विम्याच्या करारांत अशी अट असते कीं, कंपनीच्या लेखी संमतीवांचून विमेदारानें जबाबदारीची कबुली, वचन किंवा रक्कम देऊं नये. शिवाय हातोहात दिलेल्या पैशांनीं प्रकरण मिटलेंच याची शाश्वती नसते. आज पांचशे रुपये घेऊन गेलेल्या माणसाचा खांदा उद्यां सुजला, तर तो पुन्हां येणारच, आणि त्याचें येणें रास्तही असेल. त्या वेळीं पहिल्या पांचशे रुपयांचा पुरावा कोणापाशींच नसतो. इजा मुळींच नसून नुकसानी अगदीं थोडी असेल आणि ज्यानें त्यानें आपापली दुरुस्ती करावी असें दोघांनाही पटत असेल, तर तें एका कागदावर तारीख, वेळ, जागा व वाहनांचे क्रमांक घालून लिहावें, दोघांनीं सह्या कराव्या आणि प्रत्येकानें एक प्रत ठेवावी. अशा कागदानें पोलिसांना व कंपनीला कळविण्याचें कर्तव्य मात्र टळत नाहीं.

विमा कंपनीला माहिती देणें आणि तिच्यापाशीं भरपाई मागणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें लक्षांत ठेवावें. माहिती देणें कायद्यानेंच आवश्यक केलें आहे: पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व जागा, जखमींचा तपशील आणि चालकाचें नांव व परवाना, इतकें लेखी कळवावें लागतें. परक्यास झालेल्या हानीबद्दलचा विमा आपल्या देशांत १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. त्या विम्याच्या आधारें दुचाकीस्वारानें पुढें भरपाई मागितली आणि कंपनीला अपघाताची गंधवार्ताही नसली, तर अडचण मोटरमालकाचीच होते.

स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठीं भरपाई मागावी कीं नाहीं, हा मात्र हिशेबाचा प्रश्न आहे. दावा न करणारास पुढील वर्षीं हप्त्यांत जी सूट मिळते ती पहिल्या वर्षानंतर शेंकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि अखेर ५० पर्यंत चढत जाते. ती केवळ स्वतःच्या नुकसानीच्या भागावर असते. समजा, या भागाचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि मालकाला सध्यां शेंकडा ३५ सूट मिळते. दावा केला नाहीं, तर पुढच्या वर्षीं सूट ४५ होऊन त्यास ५,५०० रुपये भरावे लागतील. दावा केला तर सूट जाऊन पुरे १०,००० भरावे लागतील. म्हणजे पहिल्याच वर्षीं ४,५०० रुपयांचा तोटा. बंपरची दुरुस्ती ४,००० रुपयांची असली आणि पंधराशे घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटरीला सामान्यतः लागू असणारी १,००० रुपयांची सक्तीची वजावट धरली, तर हातीं फार तर ३,००० येतील; शिवाय प्लॅस्टिकच्या भागांवर घसाऱ्यापोटीं निम्मी रक्कम कापली जाते ती निराळीच. असा दावा न करणेंच हिताचें. उलट पुढची कांच, दिवे व पत्रा हीं सारीं मोडलीं असतील, तर दावा करावा. मात्र कंपनीच्या तपासनिसानें पाहिल्याखेरीज दुरुस्तीला हात लावूं नये.

गाडी पुढें नेण्यापूर्वीं तिच्याखालीं वांकून पाहावें. पाणी किंवा तेल गळत असेल, चाकाला पत्रा घासत असेल, दिवे लागत नसतील, तर ती ओढूनच न्यावी. मोडलेली गाडी तशीच हांकल्यामुळें जी वाढीव हानि होते, ती विमेदाराच्या माथीं असते, असेंही करारांत म्हटलेलें असतें. आणि सारोळ्याहून पुढें खंबाटकीचा घाट आहे, हें दक्षिणेकडे जाणारानें विसरूं नये.

हीं सर्व कर्तव्यें ऐकतांना पुष्कळ वाटलीं, तरी करतांना फार नाहींत. गाडीच्या खणांत एक कोरी वही, पेन, विजेरी आणि तांबडा त्रिकोण ठेवावा. वहीच्या पहिल्या पानावर वरील क्रमांक लिहून ठेवावे आणि घरांत जो जो गाडी चालवितो त्याला तें पान एकदां वाचावयास लावावें. मोटरींत बसलेल्या माणसाभोंवतीं पोलादाचें कवच असतें, पदरीं विमा असतो आणि ओळखीचा वकील असतो. दुचाकीवरून पडलेल्या माणसापाशीं त्या क्षणीं यांतलें कांहींच नसतें. असते ती एवढीच अपेक्षा कीं, ज्याचा धक्का लागला तो थांबेल, खरें नांव सांगेल आणि घडलें तें लिहून देईल. कायद्याचीं कलमें निराळ्या भाषेंत तेवढेंच मागतात.